मुक्या मारानें होणारा पोटाचा अंतर्गळ : माणसांचा व गुरांचा

अंतर्गळ हा शब्द उच्चारला कीं आपल्याकडील शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें जांघेंत उतरलेला गोळा येतो. वय झालेला, जन्मभर पोतीं उचलून थकलेला किंवा जुनाट खोकल्यानें बेजार झालेला मनुष्य, त्याच्या जांघेंत हळूहळू वाढणारी सूज आणि तिच्यावर आवळलेला पट्टा, हें चित्र प्रत्येक गांवांत कोणीं ना कोणीं पाहिलेलें असतें. त्या अंतर्गळाविषयीं आज आम्हांस लिहावयाचें नाहीं. चांगल्या धडधाकट माणसाच्या किंवा जनावराच्या पोटावर एकाएकीं जोराचा मार बसतो. वरची कातडी फाटत नाहीं, रक्ताचा थेंबही दिसत नाहीं. परंतु कातडीखालचे स्नायू फाटतात आणि त्या भेगेंतून आतडें कातडीखालीं येऊन बसतें. आपण ज्यास मुका मार म्हणतों त्याचाच हा एक प्रकार होय. जखम उघडी असली म्हणजे ती स्वतःच ओरडून मदत मागते. मुक्या माराची गोष्ट तशी नाहीं.

शेतकीच्या मासिकांत या दुखण्यास जागा कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर गोठ्यांत आहे. ज्या शिंगानें शेजारच्या गाईचें पोट फाटतें त्याच शिंगानें धन्याचेंही फाटतें. शिवाय मार लागल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत घरच्या मंडळींकडून जें केलें जातें त्यावर पुष्कळदां जीव अवलंबून असतो, आणि तें बहुधा उलटेंच केलें जातें. माणसाचें पोट चोळलें जातें आणि जनावराची सूज गळूं समजून फोडली जाते. एवढे दोन प्रकार वाचकांच्या घरीं टळले तरी आमचे श्रम फुकट गेले नाहींत असें आम्ही समजूं.

महसूल खात्यांतून निवृत्त झाल्यापासून आमचा मुक्काम लालबागेंत मुलाकडे असतो. येथून परळास चालत गेलें तर थोडक्या अंतरांत दोन संस्था लागतात, आणि हा लेख लिहिण्याची इच्छा त्या दोहोंकडे पाहूनच झाली. एक मुंबई महानगरपालिकेचें राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, ज्यास सर्वजण केईएम म्हणतात. हें रुग्णालय १९२६ पासून लोकांच्या सेवेस आहे, आणि कोंकणांतून व घाटावरून येणाऱ्या रोग्यांस त्याचें नांव गांवच्या देवळाइतकें परिचयाचें आहे. दुसरी संस्था म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय. गिरणगांवांतील जुनीं माणसें त्यास अद्याप ‘बैलघोडा’ म्हणतात. १८७४ सालीं मुंबईंत घोड्यांनीं ओढावयाची ट्राम सुरू झाली. मालाचे खटारे बैल ओढीत. त्या काळच्या रस्त्यांवर या मुक्या प्राण्यांची काय हलाखी होत असेल तें या टोपणनांवावरूनच कळतें. या रुग्णालयास लागून १८८६ सालीं मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय निघालें, जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. गिरगांवाजवळ भुलेश्वरास तर १८३४ पासून पांजरापोळ आहे. मुंबई म्हणजे केवळ गिरण्या व आगगाड्या अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं ही बाजूही पाहावी. माणसाचा व बैलाचा एकाच जातीचा विकार एकाच पेठेंत बरा करण्याची सोय अन्यत्र क्वचितच असेल.

आतां मूळ विषयाकडे वळूं. पोटाची भिंत कशी असते हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. वर कातडी, तिच्याखालीं चरबी, तिच्याखालीं दोन्ही बाजूंस एकावर एक असे तीन सपाट स्नायू, मध्यें बेंबीच्या दोहों अंगांस वरून खालीं उतरणारे दोन उभे स्नायू आणि सर्वांत आंत आतड्यांस वेढणारा पातळ पडदा, अशी ती रचना आहे. तीन सपाट स्नायूंचे धागे एकाच दिशेस जात नाहींत. एकाचे तिरपे खालीं, दुसऱ्याचे तिरपे वर व तिसऱ्याचे आडवे जातात. त्यामुळें एरव्हीं ही भिंत मोठी चिवट असते. परंतु सर्व ठिकाणीं ती सारखी जाड नाहीं. बेंबीच्या खालीं कांहीं अंतरावर उभ्या स्नायूंच्या मागचें बळकट अस्तर संपतें, आणि तेथून खालचा भाग त्या मानानें कच्चा राहतो. म्हणूनच मुक्या मारानें होणारे पुष्कळसे अंतर्गळ बेंबीच्या खालीं, उभ्या स्नायूच्या बाहेरच्या कडेस आढळतात. दुसरी जागा कमरेच्या हाडाच्या वरच्या कांठाची. तेथें स्नायू हाडास चिकटलेले असतात, आणि जोराच्या हिसक्यानें तें चिकटलेलें टोंकच उपटून निघतें. पाठीच्या बाजूस, शेवटची बरगडी व कमरेचें हाड यांमध्येंही एक कच्ची जागा आहे.

कातडी न फाटतां आंतील स्नायू कसे फाटतात याचें पुष्कळांस नवल वाटतें. ज्यांनीं मोट पाहिली आहे त्यांस तें वाटूं नये. चामडें दाबलें तर तें लवतें, ताणलें तर वाढतें आणि सोडलें कीं जागेवर येतें. स्नायूंस व त्यांच्या पांढऱ्या चिवट पट्ट्यांस तेवढी लवचिकता नसते. मार बसतो त्या क्षणीं दोन गोष्टी एकदम घडतात. माराच्या जागीं स्नायूंचे थर एकमेकांवर घसरून कातरले जातात. आणि पोट दाबलें गेल्यानें आंतील दाब एकाएकीं वाढून आतडीं बाहेर यावयास वाट शोधूं लागतात. फाटलेली जागा समोर असतेच. मनुष्य बेसावध असेल, म्हणजे पोटाचे स्नायू आवळलेले नसतील, तर नुकसान अधिक होतें. मुलांच्या पोटाची भिंत पातळ असल्यामुळें त्यांस लहानशा मारानेंही हा विकार होऊं शकतो.

माराचे दोन वर्ग करणें सोयीचें आहे. पहिला अरुंद टोंकाचा मार. सायकलवरून पडतांना दांडीची मूठ पोटांत रुतणें, बैलाच्या शेंबी घातलेल्या शिंगाची ढुशी, हातगाडीच्या दांड्याचा धक्का, गाडीच्या जुवाचें टोंक लागणें, हे सर्व या वर्गांत येतात. यांत भेग लहान असते व पुष्कळदां आंतील अवयव शाबूत राहतात. दुसरा वर्ग मोठ्या धक्क्याचा. ट्रॅक्टर उलटून अंगावर येणें, मोटारींची टक्कर, उंचावरून कोसळणें, भिंत व गाडी यांमध्यें चिरडणें. यांत भेग हातभर असूं शकते, आणि तिच्यापेक्षां भयंकर गोष्ट अशी कीं आतडें किंवा त्यास रक्त पुरविणारा पडदा फाटलेला असतो. अशा रोग्याच्या पोटावरचा फुगवटा ही त्याची सर्वांत लहान अडचण असते.

या विकाराचें वर्णन अमेरिकेंतील सेल्बी नांवाच्या डॉक्टरानें १९०६ सालीं तेथील वैद्यक नियतकालिकांत केलें, आणि पुढील लेखक बहुतेक तेथूनच आरंभ करतात. सायकलच्या दांडीनें होणाऱ्या अंतर्गळास १९८० सालीं त्या दांडीचेंच नांव मिळालें. रोग विरळ आहे. पोटावर मुका मार बसलेल्या शंभर रोग्यांत हा अंतर्गळ झालेला एक रोगीही भरत नाहीं. विरळ असल्यामुळेंच तो ओळखावयाचा राहून जातो. नुसती सूज किंवा सांकळलेलें रक्त समजून रोग्यास घरीं पाठविलें जातें. हल्लीं सी.टी. स्कॅन नांवाच्या यंत्रानें पोटाच्या आडव्या चकत्यांचीं चित्रें निघतात, त्यामुळें स्नायूंतील भेग, तींतून आलेलें आतडें व आंतील इतर दुखापती एकदमच दिसतात. सोनोग्राफीनेंही पुष्कळ उलगडा होतो.

लालबाग-परळच्या भागांत असा मार लागण्याचे प्रसंग पूर्वींपासूनच फार. कापडाच्या गिरण्या चालू होत्या तेव्हां मागावरून उडालेला धोटा जवळच्या कामगारास लागे. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या व तो धोका उरला नाहीं. परंतु हातगाडी, मालाच्या पेट्या व सायकल हीं राहिलीं. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीं दादर, लालबाग, गिरगांव या ठिकाणीं हंड्या फोडणारे गोविंदा थरांवर थर रचतात. वरचा पोरगा खालच्याच्या खांद्यावर, गुडघ्यावर किंवा डोक्यावर पोटघडी आदळला तर काय होईल तें निराळें सांगावयास नको. यांतील कितीतरी तरुण आपल्याच वाचकांचे मुलगे, भाचे, पुतणे असतात. गांवीं नांगर व येथें हातगाडी, असा त्यांचा क्रम.

आमच्याच चाळींतील एक उदाहरण सांगतों. सातारा जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याचा मुलगा एका दुकानाचा माल सायकलवरून पोंचवीत असे. पावसाळ्यांत सायकल घसरली आणि दांडीची मूठ त्याच्या पोटांत बेंबीखालीं डाव्या बाजूस रुतली. एक गोल निळसर वळ उमटला, आणखी कांहीं नाहीं. दुसऱ्या दिवशीं तेथें लिंबाएवढी सूज दिसूं लागली; निजला कीं जाई, खोकला कीं येई. शेजारच्या एका वृद्ध बाईंचा बेंबी बसविण्याबद्दल मोठा लौकिक होता. त्यांनीं तेल लावून चोळावयास सुरुवात केली. वेदनेनें मुलगा ओरडूं लागला तेव्हां मंडळींनीं तें थांबविलें व त्यास परळच्या एका रुग्णालयांत नेलें. तेथें फोटो काढल्यावर दोन बोटें आंत जातील एवढी भेग निघाली आणि तींत आतड्याचें वेटोळें अडकण्याच्या बेतांत होतें. त्याच रात्रीं शस्त्रक्रिया झाली. मुलगा आज चांगला हिंडता-फिरता आहे. त्या बाईंस दोष देण्याचें कारण नाहीं. बेंबी सरकते व चोळल्यानें बसते ही समजूत घरोघर आहे, आणि साध्या पोटदुखींत हलका हात फिरविल्यानें बरें वाटतही असेल. पण मार लागलेलें पोट हें पोटदुखीचें पोट नव्हे.

म्हणून लक्षणें ध्यानांत ठेवावीं. मार लागल्यानंतर त्याच जागीं, लगेच किंवा कांहीं दिवसांनीं, मऊ फुगवटा येणें. उभें राहिल्यावर किंवा खोकल्यावर तो वाढणें व उताणें निजल्यावर कमी होणें. दाबलें असतां आंत गुडगुड होऊन तो जाणें. असें दिसलें कीं सूज उतरण्याची वाट पाहत बसूं नये. सांकळलेल्या रक्ताची गांठ निजल्यानें नाहींशी होत नाहीं, हा त्यांतील फरक. तथापि तो ठरविणें डॉक्टरचें काम आहे. फुगवटा कठीण होऊन आंत जाईनासा झाला, वेदना वाढत चालली, ओकारी होऊं लागली, वारा सरत नाहीं, पोट फळीसारखें ताठलें, ताप आला किंवा घाम येऊन भोंवळ येऊं लागली, तर घटका मोजण्याचीच वेळ आहे असें समजावें. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला कीं तें थोड्याच तासांत मरूं लागतें. आणखी एक गोष्ट. मोठ्या धक्क्यानंतर फुगवटा मुळींच नसला तरी वरीलपैकीं कोणतेंही लक्षण तितकेंच गंभीर आहे. कारण आंतल्याआंत रक्त वाहत असतें किंवा आतडें गळत असतें आणि पहिले कांहीं तास मनुष्य बोलत-चालत असतो.

अशा वेळीं काय करूं नये हें आम्हांस अधिक निक्षून सांगावयाचें आहे. पोट चोळूं नये. फुगवटा जोरानें आंत ढकलूं नये. विटेचा शेक देऊं नये. डाग देऊं नये. आणि एरंडेल पाजूं नये. पोट साफ झालें म्हणजे दुखणें जाईल या समजुतीनें घरोघर हा उपाय होतो. परंतु आतडें फाटलें असेल तर जुलाबानें आंतील घाण पोटभर पसरते. शस्त्रक्रियेची पाळी येण्याचा संभव असल्यामुळें डॉक्टरनें सांगेपर्यंत अन्न-पाणीही देऊं नये. रोग्यास उताणें निजवून गुडघे किंचित वर घ्यावे, म्हणजे पोट सैल पडतें, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बैलगाडींत किंवा मोटारसायकलवर दोघांमध्यें बसवून नेणें म्हणजे दुखण्यांत भर घालणें होय.

उपचाराविषयीं थोडक्यांत सांगतों. ही भेग पट्ट्यानें सांधत नाहीं. क्वचित अगदीं लहान भेगेवर डॉक्टर नुसती नजर ठेवतात. एरव्हीं शस्त्रक्रिया करावी लागते. लहान भेग ताजी असतांनाच टांके घालून शिवतां येते. मोठी असेल तर प्लॅस्टिकच्या धाग्यांची बारीक जाळी बसवितात. परंतु आतडें फाटून घाण पसरली असेल तर अशी जाळी सडण्याचें भय असतें, म्हणून प्रथम जीव वाचविण्यापुरतें काम करून भिंतीची दुरुस्ती कांहीं महिने पुढें ढकलतात. रोग्याच्या नातेवाईकांस हें दिरंगाईचें वाटतें, पण त्यांत शहाणपण आहे. शस्त्रक्रियेनंतर ओझें केव्हां उचलावें, नांगर केव्हां धरावा हें डॉक्टरास विचारूनच ठरवावें. पेरणी तोंडावर आली म्हणून लवकर उठलेला मनुष्य पुढील पेरणीस पुन्हां खाटेवर असतो. विडी ओढणाराचा टांका उशिरां सांधतो, आणि त्याचा खोकला तो टांका ताणतो.

मोटारींतील पट्ट्याविषयीं येथेंच सांगून टाकूं. हा पट्टा जीव वाचवितो यांत शंका नाहीं. परंतु त्याचा आडवा भाग मऊ पोटावर आला तर टकरेच्या वेळीं तोच पोटाची भिंत फाडतो. तो खालीं, कमरेच्या दोन हाडांवर घट्ट बसला पाहिजे. गरोदर बाईनें तो पोटाच्या खालून घ्यावा.

आमचा जन्म कागदांत गेला, त्यामुळें कागदाविषयीं दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाहीं. रुग्णालयांत पहिल्याप्रथम जो केसपेपर निघतो त्यावर मार कसा, केव्हां व कोठें लागला हें लिहून घ्यावें. ‘पोटांत दुखतें’ एवढेंच सांगून मोकळें होऊं नये. ‘अमुक तारखेस, अमुक वाजतां, कामावर असतां गाडीचा दांडा पोटास लागला’ असें सांगावें. याचा पहिला उपयोग डॉक्टरास होतो. दुसरा उपयोग पुढें दिसतो. आपल्या देशांत कामावरील अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला, आणि माथाडी व हमाल कामगारांसाठीं महाराष्ट्रानें १९६९ सालीं निराळा कायदा केला. अंतर्गळाचा दावा आला कीं मालकाकडून ठरलेलें उत्तर येतें : हा विकार जुना, उपजत कच्चेपणाचा, कामाशीं याचा संबंध नाहीं. अशा वेळीं त्या दिवसाचा केसपेपर, माराच्या वळाची नोंद, फोटोंत दिसलेले ताजे फाटलेले स्नायू आणि पाहणाऱ्या सोबत्याचें नांव हाच पुरावा ठरतो. महिन्यानंतर मिळविलेल्या दाखल्यास तें वजन नसतें. आम्हीं कचेरींत असतां कितीतरी खरे अर्ज केवळ तारीख नसल्यामुळें पडलेले पाहिले आहेत. उपचाराच्या खर्चाकरितां महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे. शिधापत्रिका व ओळखपत्र बरोबर न्यावें आणि आपलें दुखणें तींत बसतें कीं नाहीं हें योजनेंतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे विचारावें.

आतां गोठ्याकडे येऊं. जनावरांस हा विकार माणसांपेक्षां पुष्कळ अधिक होतो, आणि त्याचें मुख्य कारण दुसऱ्या जनावराचें शिंग. लाथ, खुंटावर पडणें, दगडी कुंपणावरून उडी मारतांना पोट आदळणें हीं कारणेंही आहेत. जनावराचें पोट आडवें टांगलेलें असल्यामुळें आंतील सर्व भार खालच्या भिंतीवर येतो. एकदां भेग पडली कीं ती आपल्या वजनानेंच वाढत जाते. डाव्या बाजूस चाऱ्याचें मोठें कोटीपोट असतें, उजवीकडे आतडीं. त्याप्रमाणें फुगवट्यांत काय उतरलें आहे याचा कांहीं अंदाज बांधतां येतो. मार लागतांच भोंवतालीं पाणी व रक्त सांकळून सूज येते, त्यामुळें पहिल्या आठवड्यांत भेगेची कड हातास लागत नाहीं. सूज ओसरली कीं बोटांनीं चांचपल्यावर भगदाडाचा कांठ स्पष्ट लागतो.

नोकरीच्या काळांत एका गांवीं आम्हीं जें पाहिलें तें अद्याप विसरलों नाहीं. पोळ्याच्या दिवशीं वेशींत बैलांची गर्दी झाली आणि एका मारक्या बैलानें शेजारच्या बैलाच्या कुशीखालीं ढुशी दिली. शिंगास पितळी शेंबी होती, म्हणून कातडी फुटली नाहीं. मंडळींस बरेंच वाटलें. संध्याकाळपर्यंत नारळाएवढी सूज आली. आठ दिवसांनीं गांवांत एक वैदू आला. त्यानें हात फिरवून गळूं पिकलें असल्याचें सांगितलें आणि तापविलेली सुरी घातली. पुवाऐवजीं शेणाचें हिरवें पाणी बाहेर आलें. तिसऱ्या दिवशीं बैल मेला. धनी दोन एकरांचा कुळंबी होता. जोडींतील उरलेला एक बैल विकतां येईना व राखतां येईना. त्या वर्षीं त्याची रब्बी पडीक राहिली. वैदूनें आपली बिदागी आधींच घेतली होती.

गळूं, रक्ताची गांठ व अंतर्गळ यांत फरक कसा ओळखावा? गळूं हळूहळू येतें. तें गरम व दुखरें असून शेवटीं एका ठिकाणीं मऊ होऊन टोंक धरतें. रक्ताची गांठ मारानंतर लवकरच येते, पण दाबल्यानें आंत जात नाहीं. अंतर्गळही मारानंतर लवकरच दिसतो. तो दाबल्यानें आंत जातो, चारा खाल्ल्यावर मोठा होतो व उपाशीं ठेवल्यावर लहान होतो. आतडें चिकटलें किंवा अडकलें असेल तर मात्र तोही आंत जात नाहीं, आणि तेथेंच जाणत्यांचीही फसगत होते. गाभण जनावराच्या पोटाखालीं व्यायच्या आधीं जी सूज येते ती बोटानें दाबली असतां खळगा पडून राहतो, ती निराळी. सारांश नियम एकच : पोटाच्या कोणत्याही सुजेस पशुवैद्यानें पाहिल्यावांचून सुई, सुरी किंवा डाग लावूं देऊं नये. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनि केल्यास फिरत्या पशुचिकित्सा पथकाची मदत मागतां येते.

जनावर चारा खात असेल, रवंथ करीत असेल व शेण टाकीत असेल तर पशुवैद्य बहुधा लगेच कापीत नाहींत. सुजलेल्या मांसांत टांका टिकत नाहीं; म्हणून दोन-तीन आठवडे वाट पाहून कड घट्ट झाल्यावर शस्त्रक्रिया करतात. आधीं एक-दोन दिवस चारा बंद करून कोटीपोट हलकें करतात, आणि जाड नायलॉनच्या धाग्यानें भगदाड शिवतात; मोठें असल्यास माणसाप्रमाणेंच जाळी बसवितात. याउलट जनावरानें खाणें टाकलें, शेण बंद झालें, तें पोटाकडे वळून पाहूं लागलें, पाय आपटूं लागलें, तर एक दिवसही थांबतां कामा नये. गाभण म्हशीची शस्त्रक्रिया शक्य तर व्याल्यानंतर करतात. पण तिच्या पोटांत जोर कमी असल्यानें विण्याच्या वेळीं पशुवैद्यास आधीं सांगून ठेवावें. शस्त्रक्रियेनंतर जनावर एकटें, सपाट जागीं बांधावें, थोडाथोडा मऊ चारा दिवसांतून अनेक वेळां घालावा व बैलास पशुवैद्याच्या परवानगीवांचून जुवाखालीं घालूं नये. विमा उतरविलेलें जनावर असेल तर कानांतील बिल्ला शाबूत ठेवून उपचारापूर्वींच विमा कंपनीस कळवावें आणि पशुवैद्याचा दाखला जपून ठेवावा.

म्हशींत आणखी एक अंतर्गळ होतो, जो बाहेरून दिसतच नाहीं. छाती व पोट यांमधील पडदा फाटून जाळीचें पोट छातींत शिरतें. चाऱ्याबरोबर गिळलेली तार किंवा खिळा त्या पडद्यास कमकुवत करतो आणि गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांतील दाबानें तो फाटतो. म्हैस वारंवार फुगते, दूध आटतें, औषधानें तात्पुरतें बरें वाटून पुन्हां तेंच. अशी म्हैस पोटफुगीच्या काढ्यावर महिनोन् महिने ठेवूं नये. गवताच्या पेंढ्या तारेनें बांधण्याची रीत जेथें पडली आहे तेथें ती तार मोजून बाजूस काढणें हाच स्वस्त उपाय.

शिंगाच्या मारासंबंधीं गोठ्याची रचना बदलून पुष्कळ कांहीं साधतां येतें. मारकें जनावर टोंकास, भिंतीकडे बांधावें, मध्यें कधींच नाहीं. दोन जनावरांच्या दाव्यांची लांबी अशी असावी कीं एकाचें डोकें दुसऱ्याच्या कुशीपर्यंत पोंचूं नये. गव्हाणीस मधून मधून आडव्या फळ्या असाव्या. ढुशा बहुतेक चाऱ्यावरूनच होतात. पाण्यावर नेतांना शिंगाळ व गाभण जनावरें एकाच वेळीं सोडूं नयेत. वासरांचीं शिंगें उगवण्यापूर्वींच, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, पशुवैद्याकडून भूल देऊन त्यांचे कोंब जाळून घेतां येतात. दुभत्या जनावरांच्या गोठ्यांत हें करणें इष्ट आहे, बैलांच्या बाबतींत मात्र शेतकऱ्यास शिंगांची हौस असते आणि तिच्याविरुद्ध लिहून उपयोग नाहीं हें आम्ही जाणतों. निदान शेंब्या पोळ्याच्या मिरवणुकींत बैल वेगवेगळे धरूनच मिरवाव्या, आणि घरीं येतांच उतरून ठेवाव्या.